क्रिएटिनिन नॉर्मल, तरीही डोस जास्त: औषधासाठी मूत्रपिंडाची क्षमता कशी अजमावावी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कितीतरी घरांत वृद्ध आईवडील गावी आणि मुले मुंबईत, पुण्यात किंवा आखातात अशी स्थिती आहे. तालुक्याच्या ठिकाणी रक्ततपासणी होते, अहवालाचा फोटो मुलाच्या मोबाइलवर जातो, मुलगा क्रिएटिनिनपुढचा आकडा आणि त्याच्या शेजारी छापलेली मर्यादा पाहतो, आणि आकडा मर्यादेत असला की ‘किडनी ठीक आहे’ असे म्हणून सर्वजण निर्धास्त होतात. तरुण आणि मध्यम बांध्याच्या माणसाबाबत हा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, अंगाने सुकलेल्या, चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या स्त्रीबाबत मात्र तो अनेकदा चुकतो, आणि ती चूक औषधाच्या डोसात उतरते.

मूत्रपिंडाशी सगळ्याच औषधांचा सारखा संबंध नसतो. पॅरासिटामॉल, अॅम्लोडिपिन, अॅटोरव्हास्टॅटिन किंवा डॉक्सिसायक्लीन यांचा नेहमीचा डोस मूत्रपिंड थोडेफार मंदावले म्हणून सहसा बदलावा लागत नाही, कारण त्यांची विल्हेवाट मुख्यतः यकृताच्या किंवा आतड्याच्या मार्गाने लागते. याउलट मधुमेहात पायांची आग होते म्हणून दिले जाणारे गॅबापेंटिन जवळजवळ संपूर्णपणे, आणि तेही मूळ स्वरूपातच, लघवीवाटे बाहेर पडते. प्रीगॅबालिन, मेटफॉर्मिन, डिगॉक्सिन, लेव्होफ्लॉक्सासिन, अॅमिकासिन ही औषधेही त्याच वाटेची आहेत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे डॅबिगॅट्रान रक्तात शिरल्यावर त्याचा सुमारे ८० टक्के भाग मूत्रपिंडांतूनच जातो. मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची शक्ती, म्हणजे गाळण, निम्म्यावर आली असेल, तर अशा औषधाच्या पहिल्या गोळीचा बराचसा अंश रक्तात शिल्लक असतानाच दुसरी गोळी पोटात जाते आणि काही दिवसांत रक्तातील पातळी जवळजवळ दुप्पट होऊ शकते. वृद्धांमध्ये याची लक्षणे ओळखू येत नाहीत, ही खरी अडचण आहे. दिवसभर गुंगी येणे, चालताना तोल जाणे, न्हाणीघरात पडणे, जेवणावरची वासना उडणे, हे सगळे घरच्यांना वयाचे वाटते, आणि गोळीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

क्रिएटिनिन नेमके काय सांगते

स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचे द्रव्य साठलेले असते. त्याचा साधारण एक ते दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो, रक्तात उतरतो, आणि मूत्रपिंडे तो गाळून लघवीत टाकतात. विहिरीतील पाण्याची पातळी जशी झऱ्यांतून येणारे पाणी आणि रहाटाने होणारा उपसा या दोहोंवर ठरते, तशी रक्तातील क्रिएटिनिनची पातळी ते किती तयार होते आणि किती बाहेर जाते या दोहोंवर ठरते. उतारवयात स्नायू झडतात, म्हणजे क्रिएटिनिनची निर्मिती घटते; त्याच काळात मूत्रपिंडांची गाळण्याची शक्तीही उतरत जाते. दोन्ही बाजूंनी घट झाल्यामुळे पातळी होती तेथेच राहते, आणि अहवालात काहीच बिघडलेले दिसत नाही.

एकच आकडा दोन माणसांच्या बाबतीत पाहू. क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे असे धरू. पहिला माणूस तीस वर्षांचा, ७५ किलो वजनाचा, मच्छीमारी बोटीवर जाळी ओढणारा तरुण आहे. दुसरी व्यक्ती ७८ वर्षांची, ४२ किलो वजनाची, १४८ सेंटिमीटर उंचीची आजी आहे. बऱ्याच अहवालांत दोघांच्याही आकड्याखाली ठळक खूण येणार नाही. प्रत्यक्षात तरुणाची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १०४ मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनिनपासून मोकळा करीत आहेत, आणि आजींची अवघा २८ मिलिलिटर. हे उत्तर एका साध्या गणिताने मिळते, आणि ते कोणीही कागदावर करून पाहू शकेल.

हे गणित डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट या कॅनडातील दोन डॉक्टरांनी १९७६ साली मांडले. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्या आकड्याला किलोतील वजनाने गुणावे, आणि त्या गुणाकाराला ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागावे. स्त्री असल्यास आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणावे. आजींसाठी १४० वजा ७८ म्हणजे ६२; ६२ गुणिले ४२ म्हणजे २६०४; ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२, भागाकार सुमारे ३२.९, आणि त्याला ०.८५ ने गुणल्यावर सुमारे २८. या उत्तराला क्रिएटिनिन क्लिअरन्स म्हणतात. ज्या २४९ रुग्णांवरून हे सूत्र बसवले ते सगळे पुरुष होते, स्त्रियांसाठीचा ०.८५ हा गुणक प्रत्यक्ष मोजून आलेला नव्हता, स्त्रियांचे स्नायू सरासरीने कमी असतात या विचाराने तो जोडला गेला. शिवाय त्या काळी क्रिएटिनिन मोजण्याच्या पद्धती आजच्यासारख्या प्रमाणित नव्हत्या. एवढे दोष असूनही हे सूत्र औषधशास्त्रात टिकून आहे, कारण त्यानंतरची कित्येक दशके नवी औषधे याच सूत्रावर तपासली गेली आणि औषधांच्या माहितीपत्रकांतील डोसाच्या पायऱ्या याच आकड्यावर आखल्या गेल्या.

आता प्रयोगशाळेच्या अहवालात बहुधा छापून येतो तो ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून समीकरणाने काढलेला मूत्रपिंडांच्या गाळणीचा अंदाज. त्याचे पहिले सर्वदूर वापरले गेलेले समीकरण १९९९ मध्ये आले, त्याहून सुधारित असे सीकेडी-ईपीआय समीकरण २००९ मध्ये, आणि त्याची वंशाचा गुणक वगळलेली आवृत्ती २०२१ मध्ये आली. या समीकरणांना वजन लागत नाही. वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढे पुरते, म्हणूनच प्रयोगशाळेतील यंत्र ते आपोआप छापू शकते. आजींचा २०२१ च्या समीकरणाने येणारा ईजीएफआर ५१ आहे. क्लिअरन्स २८ आणि ईजीएफआर ५१, एकाच स्त्रीचे, एकाच दिवशीच्या रक्तावरून.

या तफावतीचा मोठा भाग एका तपशिलात दडलेला आहे, आणि तो अहवालात एककाच्या शेपटीला बारीक अक्षरांत असतो. छापलेला ईजीएफआर हा ‘१.७३ वर्ग मीटर शरीरपृष्ठामागे’ असतो. १९२० च्या दशकातील अमेरिकी तरुणांच्या शरीराच्या पृष्ठभागाचे सरासरी क्षेत्रफळ १.७३ वर्ग मीटर होते, आणि वेगवेगळ्या आकाराच्या माणसांची मूत्रपिंडे एकमेकांशी ताडून पाहता यावीत म्हणून तो आकडा परिमाण म्हणून घेतला गेला. मूत्रपिंडाचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवताना अशी तुलना योग्यच आहे. औषध मात्र सरासरी शरीरातून बाहेर पडत नाही, ते या आजींच्या शरीरातून बाहेर पडते. उंची आणि वजन यांचा गुणाकार ३६०० ने भागून त्याचे वर्गमूळ काढले की शरीरपृष्ठाचे क्षेत्रफळ मिळते. आजींचे ते सुमारे १.३१ वर्ग मीटर आहे. ५१ ला १.३१ ने गुणून १.७३ ने भागले की ३९ उरतात. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शरीराच्या मापाने ईजीएफआर ३९ आहे. लहान चणीच्या माणसाचा छापील ईजीएफआर औषधाच्या डोसासाठी जसाच्या तसा घेऊ नये, त्याचे हे कारण. पुष्कळ कोकणी वृद्ध स्त्रियांचा बांधा या १.७३ च्या बराच आत बसतो, म्हणून हा मुद्दा आपल्याकडे बारीकसारीक म्हणून सोडून देता येत नाही. भारतात प्रत्यक्ष गाळण मोजून केलेल्या अभ्यासांतही, परदेशात बसवलेली समीकरणे आपल्या लोकांची गाळण आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात असे आढळले आहे. कमी स्नायू आणि कमी मांसाहार ही त्यामागची उघड कारणे मानली जातात.

तीन आकड्यांपैकी कोणता घ्यावा

५१, ३९ आणि २८ यांपैकी ‘खरा’ कोणता, हा प्रश्न साहजिक आहे, पण त्याचे प्रामाणिक उत्तर असे की तिन्ही अंदाज आहेत. चांगल्यात चांगल्या समीकरणाचाही अंदाज दहांपैकी साधारण साडेआठ ते नऊ माणसांतच प्रत्यक्ष मोजलेल्या गाळणीच्या तीस टक्के अलीकडे-पलीकडे येतो. म्हणजे ५० असे छापलेले असताना खरा आकडा ३५ किंवा ६५ असणे अजिबात नवलाचे नाही. अति वृद्ध आणि कृश माणसांत कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे सूत्र कधी कधी वास्तवापेक्षा कमीही दाखवते. म्हणून माझ्या मते डोस ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात: त्या औषधाचे नियम कोणत्या मापावर आखले आहेत, आणि चूक झालीच तर कोणत्या बाजूची चूक अधिक घातक आहे.

प्रीगॅबालिनचे उदाहरण घेऊ. त्याचे नियम क्रिएटिनिन क्लिअरन्सवर आखलेले आहेत. क्लिअरन्स ३० ते ६० असेल तर दिवसाला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम, आणि १५ ते ३० असेल तर जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. छापील ५१ वर विसंबले तर आजींना दुप्पट मात्रा ‘नियमात’ बसते. येथे जास्त मात्रेची चूक म्हणजे गुंगी, पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे. कमी मात्रेची चूक म्हणजे पायांची आग आणखी काही दिवस, आणि ती मात्रा हळूहळू वाढवता येते. अशा वेळी लहान आकडा धरावा, यात मला शंका नाही. डॅबिगॅट्रानच्या मुख्य चाचणीत क्लिअरन्स ३० पेक्षा कमी असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, आणि युरोपातील नियमांनुसार त्या मर्यादेखाली ते द्यायचेच नाही. तेथे २८ आणि ५१ यांतील फरक हा औषध द्यायचे की नाही याचाच फरक ठरतो. अपिक्साबॅन या त्याच कामाच्या औषधासाठी अमेरिकी नियमात सूत्रच नाही: वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी लागू असतील तर मात्रा निम्मी. मेटफॉर्मिनचे नियम ईजीएफआरवर आहेत. पूर्वी अमेरिकेत पुरुषांसाठी १.५ आणि स्त्रियांसाठी १.४ अशी क्रिएटिनिनचीच मर्यादा धरली जात असे. २०१६ मध्ये तेथील औषध नियंत्रक संस्थेने ती सोडून ईजीएफआर पाहण्यास सांगितले. तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन बंद, आणि ३० ते ४५ असेल तर नव्याने सुरू करायचे नाही. आधीपासून चालू असल्यास फायदा-तोटा तोलून, सहसा निम्म्या मात्रेवर ठेवतात.

नियम औषधागणिक वेगळे आहेत, आणि ते पाठ असण्याची अपेक्षा रुग्णाकडून कोणी करीत नाही. रुग्णाने आणि घरच्यांनी एवढेच लक्षात ठेवायचे आहे की डॉक्टरांना हे गणित करायचे असेल तर त्यांच्यापुढे क्रिएटिनिनबरोबर वय, उंची आणि वजन असले पाहिजे. त्यांतील वजन बहुतेक वेळा नसते.

वजनकाटा

बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत रक्तदाब मोजला जातो, साखर पाहिली जाते, आणि वजन विचारले जाते तेव्हा ‘पन्नास-पंचावन्न असेल’ असे उत्तर येते. हे उत्तर बहुधा दहा वर्षांपूर्वीचे असते. आजींचे वजन ४२ ऐवजी ५० धरले तर क्लिअरन्स २८ वरून ३३ वर जातो, आणि ६० धरले तर ४० वर. म्हणजे ३० ची मर्यादा केवळ अंदाजपंचे सांगितलेल्या वजनाने ओलांडली जाते. वजन काट्यावर उभे राहूनच घ्यावे, चप्पल काढून, आणि ते तारखेसह फाइलवर लिहावे. पायांवर सूज असेल किंवा पोटात पाणी झाले असेल तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या पाण्याचे वजन काट्यावर दिसते पण ते क्रिएटिनिन तयार करीत नाही, आणि सूत्र मात्र त्याला स्नायू समजून चालते.

स्थूल माणसात अडचण उलट्या बाजूने येते. चरबीही क्रिएटिनिन तयार करीत नाही, त्यामुळे ८० किलोची, १५५ सेंटिमीटर उंचीची स्त्री असेल तर सूत्रात ८० घातल्यास उत्तर फुगते, आणि तिच्या उंचीला साजेसे ४८ किलो घातल्यास ते फार आक्रसते. म्हणून आदर्श वजन अधिक जादा वजनाचा ४० टक्के भाग, म्हणजे तिच्या बाबतीत सुमारे ६१ किलो, असे मधले वजन धरण्याची रीत आहे. कृश माणसात असे काही करायचे नसते. तेथे काट्यावरचे खरे वजनच घ्यावे.

काही ठिकाणी आणखी एक सवय आढळते, आणि ती सोडायला हवी असे मला ठामपणे वाटते. वृद्धाचे क्रिएटिनिन ०.६ असे फार कमी आले की ते सूत्रात १.० धरायचे, म्हणजे ‘सुरक्षित बाजूला’ राहता येते, असा तो विचार आहे. ८० वर्षांच्या, ४० किलोच्या स्त्रीचे क्रिएटिनिन ०.६ असताना सूत्राने ४७ येतात, आणि १.० धरल्यास २८. अंदाज जास्त निघतो ही शंका रास्त असली तरी तिच्यावरचा उपाय म्हणून आकडा मनाने बदलणे योग्य नाही. जंतुसंसर्ग असताना अशा रीतीने प्रतिजैविकाची मात्रा निम्म्यावर आणली, तर त्या रुग्णाला सुरक्षित बाजू अशी काही राहतच नाही.

अशी शंका असेल तेव्हा सिस्टॅटिन सी ही वेगळी रक्ततपासणी उपयोगी पडते. हे प्रथिन शरीरातील जवळजवळ सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू किती आहेत यावर ते फारसे अवलंबून नसते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला, पाय कापलेला, यकृताच्या जुनाट आजाराने सुकलेला, किंवा उलट व्यायामशाळेत जाऊन क्रिएटिनची पावडर घेणारा, अशा माणसांत क्रिएटिनिनपेक्षा या तपासणीवर अधिक भरवसा ठेवता येतो, आणि दोन्ही मिळून काढलेला अंदाज सर्वांत जवळचा असतो. स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइडचा बिघाड, धूम्रपान आणि स्थूलपणा यांनी सिस्टॅटिनही हलते, हे विसरू नये. तपासणी महाग आहे आणि लहान गावांतून नमुना बहुधा मोठ्या शहरातच पाठवावा लागतो, म्हणून ती सरसकट करण्याची गरज नाही; औषध धोक्याचे असेल आणि आकडा मर्यादेच्या उंबरठ्यावर असेल तेथे ती करून घ्यावी. चोवीस तासांची लघवी साठवून क्लिअरन्स मोजण्याची जुनी पद्धतही आहे, पण एखाद्या वेळची लघवी साठवायची राहिली की सगळे गणित बिघडते, आणि वृद्धांच्या बाबतीत असे वारंवार घडते.

आकडा स्वतःच फसवतो तेव्हा

मूत्रपिंड जसेच्या तसे असताना क्रिएटिनिन वरखाली होण्याची काही साधी कारणे असतात. शिजवलेल्या मटणात क्रिएटिनिन आयतेच तयार असते, त्यामुळे भरपेट सामिष जेवणानंतर काही तास रक्तातील पातळी थोडी चढलेली दिसते; तपासणीच्या आदल्या रात्री शाकाहारी जेवण आणि सकाळी उपाशीपोटी रक्त, ही काळजी पुरेशी आहे. कोट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकातील ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिनचा मूत्रपिंडातील एक बाजूचा दरवाजा अडवते, म्हणून गाळण न बदलताही आकडा वाढतो. ०.१ चा फरक तर दोन दिवसांच्या दोन तपासण्यांतही पडू शकतो, त्यावरून धास्ती घेऊ नये आणि दिलासाही मानू नये. गरोदरपणात गाळण सुमारे निम्म्याने वाढते, त्यामुळे ही समीकरणे तेथे लागूच पडत नाहीत, आणि एरवी निर्धोक वाटणारे ०.९ किंवा १.० क्रिएटिनिन गरोदर स्त्रीत काळजीचे ठरू शकते.

कोकणात मात्र सर्वांत जपायचा प्रसंग पावसाळ्यात येतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात काम करताना, पायांवरच्या भेगांतून आणि जखमांतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे, जंतू शरीरात शिरतात, आणि त्या आजारात मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत बंद पडू शकतात. वरची सगळी सूत्रे क्रिएटिनिन स्थिर आहे असे गृहीत धरून चालतात. येथे ते स्थिर नसते. गाळण पूर्ण थांबली तरी क्रिएटिनिन एकदम चढत नाही, ते साधारण दिवसाला एक ते दीड मिलिग्रॅमने वाढते. पन्नास वर्षांच्या, साठ किलोच्या शेतकऱ्याचे क्रिएटिनिन काल ०.८ आणि आज १.८ असेल, तर सूत्र त्याचा क्लिअरन्स सुमारे ४२ सांगेल, आणि त्याच क्षणी त्याची खरी गाळण शून्याजवळ असू शकते. अशा रुग्णात लघवी किती होते आहे आणि क्रिएटिनिन कोणत्या दिशेने चालले आहे, हे कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक सांगून जाते. लेप्टोत लघवी चांगली होत असतानाही मूत्रपिंड बिघडलेले असू शकते, त्यामुळे ‘लघवी होते आहे’ एवढ्यावर विसंबूनही चालत नाही. त्यातच कावीळ जोरात असली तर क्रिएटिनिन मोजण्याची जुनी पिक्रेट पद्धत बिलिरुबिनमुळे आकडा खोटा कमी दाखवू शकते. एन्झाइम पद्धतीने केलेली तपासणी अशा वेळी अधिक विश्वासार्ह असते.

म्हणूनच अशा रुग्णाला अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मेडिकलमधून परस्पर आणून देणे हा मोठा धोका आहे, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तो आणखी वाढतो. ताप, जुलाब किंवा उलट्यांनी अंगातील पाणी कमी झालेल्या वृद्धाच्या मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या की काही दिवस थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. स्वतःहून बंद करू नये आणि विचारणे पुढेही ढकलू नये.

मूत्रपिंड बिघडले म्हणून प्रत्येक औषध लगेच कमी करायचे असेही नाही. औषधाचा पहिला डोस रक्तात आणि शरीरात पुरेशी पातळी गाठण्यासाठी असतो, आणि ती पातळी शरीराच्या आकारमानावर व त्यातील पाण्यावर ठरते, गाळणीवर नव्हे. गंभीर जंतुसंसर्गात पहिला डोस पूर्णच द्यायचा असतो; कमी करायचे ते पुढचे डोस, किंवा वाढवायचे ते दोन डोसांमधले अंतर. लेप्टोत वापरली जाणारी सेफ्ट्रायाक्सोन आणि डॉक्सिसायक्लीन मूत्रपिंडासाठी सहसा कमी करावी लागत नाहीत, क्रिस्टलाइन पेनिसिलिन मात्र मूत्रपिंड फारच खालावले असेल तर कमी करावे लागते. अॅमिकासिन, डिगॉक्सिन यांसारख्या औषधांत शक्य असेल तेथे औषधाची रक्तातील पातळीच मोजावी, म्हणजे अंदाजाचा प्रश्नच उरत नाही.

घरच्यांनी करण्याजोगी कामे थोडी आहेत, पण ती खरोखर उपयोगी पडतात. मागच्या दोन-तीन वर्षांतील क्रिएटिनिनचे सगळे अहवाल तारखेनुसार एका फाइलीत लावावेत, कारण ०.७ वरून १.१ वर गेलेला माणूस आणि वर्षानुवर्षे १.१ वर असलेला माणूस यांत फार अंतर आहे. सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा, सोबत न्यावीत. आखातातून आलेल्या माणसाच्या अहवालात क्रिएटिनिन ९७ असे दिसले तर घाबरून जाऊ नये. तेथे ते मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये लिहितात, आणि ८८.४ ने भागले की आपल्याकडचे १.१ मिळते. नवे औषध लिहून मिळाले की ‘या वजनाला आणि या क्रिएटिनिनला हा डोस ठीक आहे ना’ असे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. जाणता डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

एक गोष्ट फार वेळा राहून जाते. इस्पितळात मूत्रपिंड बिघडलेले असताना कमी केलेला डोस डिस्चार्ज कार्डावर तसाच छापला जातो, आणि पुढे कित्येक महिने त्याच चिठ्ठीवर गोळ्या आणल्या जातात. दरम्यान मूत्रपिंड सावरलेले असते. लेप्टोतून उठलेल्या बहुतेकांची गाळण काही आठवड्यांत बरीचशी पूर्ववत होते, आणि तेव्हा निम्म्या मात्रेत चाललेले रक्त पातळ करणारे औषध गुठळी रोखायला अपुरे पडू शकते. घरी आल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला क्रिएटिनिन पुन्हा तपासावे, त्याच दिवशी वजनही पुन्हा घ्यावे, कारण आजारपणात ते चार-पाच किलोने उतरलेले असू शकते, आणि दोन्ही आकडे घेऊन जाऊन कमी केलेली प्रत्येक गोळी वाढवायची की तशीच ठेवायची हे विचारावे.